डिकीतला बेपत्ता अर्थ

"ज्याच्या नजरेतून सुई सुटत नाही, ज्याच्या कानातून कुजबुज निसटत नाही, ज्याला पाहून गुन्हेगाराच्या छातीत धस्स होतं आणि खबरदारी म्हणून निरपराध माणसाच्याही होतं, असा माणूस शंभर वर्षांतून एकदाच जन्माला येतो. या शंभरांत तो मी आलो आहे. स्वतःच्या तोंडाने सांगायला संकोच वाटतो, पण दुसरं कोणी सांगतच नाही, त्याला माझा इलाज नाही."

वॉचमनने एवढंच विचारलं होतं, की कोणाकडे जायचंय.

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावर मास्तरांकडे ना?" वॉचमन म्हणाला. "ते खाली गाडीपाशीच आहेत. जा. जपून जा, फरशी आत्ताच पुसलीय."

सगळे त्याला सुगावा म्हणत. सुगावा लागतो म्हणून हे नाव पडलं, असं त्याचं मत होतं. लागत नाही म्हणून पडलं, असं बाकीच्यांचं. आठवड्याचे सहा दिवस तो चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवून बघायचा आणि सातव्या दिवशी गुन्हेगारी जगाचा कर्दनकाळ व्हायचा. त्यासाठी रणरणत्या उन्हातही रेनकोट आणि हॅट घालायचा. खिशात दुकानातून आणलेली तीन भिंगं असत. एक जवळचं, एक लांबचं आणि एक पहिली दोन शोधायला.

त्याच्या कारकिर्दीवर डाग म्हणावा असा एकच होता, आणि तोही डाग नव्हे, भोक. दोन आठवड्यांपूर्वी कोणीतरी त्याच्या डाव्या रबरी चपलेच्या टाचेत बटणाएवढं गोल भोक पाडलं होतं. त्यामुळे चालताना डावा पाय दर पावलाला 'फुस्स' करायचा. दबक्या पावलांनी जाणं हा ज्याचा धंदा, तो कुठेही फुस्स फुस्स करत पोचायचा. नव्या चपला घ्यायला तो तयार नव्हता, कारण त्याच्या मते ती चप्पल आता चप्पल राहिली नव्हती, पुरावा झाली होती.

गाडीपाशी उभा असलेला धाकटा हा त्याचा साडू. साडू म्हणजे दोन बहिणींनी एकाच विहिरीत ढकललेले दोघे. पोहता दोघांनाही येत नाही, पण निदान सोबत असते. थोरली बहीण दर रविवारी सुगाव्याला धाकटीकडे पाठवून द्यायची. "तेवढंच घर शांत," ती म्हणायची. मग धाकट्याचा रविवार जायचा.

धाकट्याबद्दल बोलायचं तर तो सुगाव्यासारखा मूर्ख नव्हता. त्याची जात वेगळी होती. सुगाव्याला काही येत नव्हतं आणि ते त्याला माहीत नव्हतं. धाकट्याला काही येत नव्हतं, ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरीही तो करायला जायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा. वर्षभर मुलांना पृथ्वी शिकवून झाली की सुट्टीत त्याचे हात शिवशिवायचे आणि घरातलं काहीतरी बिघडायचं.

या वेळी मात्र कारण साधं नव्हतं.

दोघांचे सासरे, म्हणजे अप्पा, धाकट्याकडे राहत. अप्पांनी उभं आयुष्य वाद्यवृंदात ड्रम वाजवले होते, आणि आता त्यांना ऐकू येत नव्हतं. आधी गाणी गेली, मग माणसं गेली, शेवटी दारावरची बेलही गेली. कानातलं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिलं. "त्यातनं माणसं ऐकू येतात, संगीत नाही," ते म्हणाले. "आणि माणसांचं मी पुष्कळ ऐकलंय." मग त्यांनी खाली उतरणं सोडलं, गॅलरीत बसणं सोडलं, आणि जेवायला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागू लागला.

एक दिवस धाकट्याने पाहिलं, की धुण्याचं मशीन कपडे पिळत होतं आणि अप्पा त्याच्यावर पंजा टेकवून डोळे मिटून उभे होते. खूप वेळ उभे होते. मशीन थांबलं तेव्हा ते नाराजीने म्हणाले, "याला सम सापडत नाही."

रात्रभर तळमळून सकाळी धाकटा बायकोला म्हणाला, "आपण गाडीत सबवूफर बसवू या. मोठा. गाणं कानाने नाही ऐकलं तरी पाठीतून कळेल बघ त्यांना."

धाकटीने गाडीची किल्ली मुठीत घेतली. मग म्हणाली, "दुकानातून बसवून घे."

"हॅ! त्यात काय आहे? चार वायरी."

"गाडी माझी आहे," ती म्हणाली. "रंगाला एक ओरखडा दिसला, तर तुला त्या डिकीतच झोपवीन."

अप्पांना पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "एकदा येईन," ते म्हणाले. "एकदाच. नाही जमलं, तर परत मला खाली उतरवायच्या भानगडीत पडायचं नाही. कबूल?"

कबूल केलं होतं. आणि तो रविवार आज उजाडला होता.

मधले दोन रविवार धाकटा गाडीत उलटा पडलेला होता. मोबाइलवर व्हिडिओ चालू, डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर. बोनेटमधल्या बॅटरीपासून जाड लाल वायर घ्यायची, तिच्या वाटेत फ्यूज, मग रबरी बुचाच्या भोकातून ती आत ओढायची आणि दाराखालच्या पट्ट्या उचकटून गालिच्याखालून डिकीतल्या अँप्लिफायरपर्यंत न्यायची. टेपपासून एक बारीक निळी वायर. गाण्याच्या वायरी दुसऱ्या बाजूने, कारण लाल वायरीला चिकटून नेल्या तर गाणं घरघरतं, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला होता. शेवटी आखूड काळी वायर डिकीतच पत्र्याला बोल्टने आवळायची. पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून धाकट्याने त्या बोल्टपाशी काय काळजी घेतली, ते त्याचं त्यालाच माहीत, आणि तिचा त्याला फार अभिमान होता. काम संपलं तेव्हा पट्ट्यांच्या दोन क्लिपा तुटल्या होत्या आणि हातात तीन स्क्रू उरले होते. हे कुठले, ते त्याला सांगता येईना. त्याने ते खिशात टाकले आणि विषय संपवला.

पण आज सकाळी टेप लावला तेव्हा भलतंच झालं. हळू आवाजात सगळं छान. आवाज वाढवला की डिकीतून एकच 'धुम्!' आणि पुढे सगळं ठार. अँप्लिफायरवरचा हिरवा दिवा तांबडा. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा 'धुम्!', पुन्हा ठार. वॉचमन लांबून ओरडला, "मास्तर, डिकीत कोणी अडकलंय का? आतून ठोठावतंय!"

अशा वेळी धाकट्याला फुस्स फुस्स ऐकू आलं आणि त्याने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"काही बोलू नका," सुगावा म्हणाला. "मला सगळं दिसतंय. तुमच्या कपाळावर घाम आहे, हाताला काळं लागलंय, गुडघ्यावर धूळ. तुम्ही नुकतेच घोड्यावरून उतरला आहात."

"मी गाडीखालून निघालोय."

"एकच," सुगावा म्हणाला. "दोन्ही वाहनंच."

धाकट्याने त्याला सगळं सांगितलं. अप्पा चहा झाल्यावर खाली येणार आहेत, एकदाच येणार आहेत, आणि हे आज चाललं नाही तर पुढे काहीच नाही, हेही सांगितलं. सुगाव्याने रेनकोटची बटणं लावली. माणूस कसाही असो, अप्पांवर त्याचाही जीव होता. त्याच्या लग्नात अप्पांनी स्वतः ड्रम वाजवले होते, आणि सुगावा त्यावर नाचला होता. तेव्हापासून अप्पा त्याला एकदाही हसले नव्हते, आणि असं न हसणारा त्या घरात दुसरा कोणी नव्हता.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "हा आवाजाचा खून आहे. एक धुम्, की आवाज गतप्राण. प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो. या डिकीत अर्थ कुठे आहे, एवढंच आपल्याला शोधायचंय."

एवढं एक वाक्य बोलून तो तिथेच थांबला असता तर केस तिथेच सुटली असती. पण तो डिकीत शिरला.

पहिल्यांदा त्याला तांबडा दिवा दिसला. दिव्याखाली बारीक अक्षरं होती. त्याने जवळचं भिंग लावलं, मग लांबचं, मग पुन्हा जवळचं.

"प्रोटेक्ट!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "साडूभाऊ, हे यंत्र संरक्षण मागतंय. याच्या जिवाला धोका आहे."

"अहो, तो दिवा काही बिघडलं की लागतो. स्वतःला जपायला ते बंद पडतं."

"तेच म्हणतोय मी. साक्षीदार घाबरलाय. तोंड उघडलं की कोणीतरी दाबतंय त्याचं." सुगाव्याने अँप्लिफायरवर हात ठेवला आणि त्याच्याशी हळुवारपणे बोलू लागला. "घाबरू नकोस. मी आलोय. कोण आहे तो? नुसतं हो किंवा नाही सांग."

अँप्लिफायर काही बोलला नाही. धाकट्याच्या मनात आलं, की पाहणाऱ्याला हे कसं दिसत असेल. मग आठवलं, सकाळपासून आपणही त्याला "बाबा रे, चाल की" म्हणून हात जोडत होतो. त्याने मान खाली घातली.

पुढचा शोध निळ्या वायरीचा. ती जिथे खोचली होती तिथे 'रिमोट' लिहिलेलं होतं.

"रिमोट म्हणजे दूरवरून!" सुगावा ताठ उभा राहिला आणि डिकीच्या झाकणावर त्याचं डोकं आपटलं. "अयाई गं! साडूभाऊ, सूत्रं दूरवरून हलवली जातायत. ही वायर कुठे जाते?"

"टेपकडे. टेप चालू झाला की ती अँपला उठवते."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लावलीय."

सुगाव्याने त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. "म्हणजे तुम्हीही त्यांना सामील आहात," तो खेदाने म्हणाला. "काही हरकत नाही. नात्यातली गोष्ट आहे. माफीचा साक्षीदार करून टाकू."

धाकट्याने वर गॅलरीकडे पाहिलं. अप्पांचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. तो शर्ट त्याने कधीचा पाहिला नव्हता. त्याने चारही टोकं पुन्हा आवळली, फ्यूज काढून बघितला, फुंकर मारून परत बसवला. फुंकर का मारली, हे त्याला माहीत नव्हतं. व्हिडिओतला माणूस मारत नव्हता. धुम्, ठार.

"इकडे या!" सुगावा ओरडला. काळी वायर जिथे खोचली होती, तिथे तो भिंग धरून ओणवा झाला होता. "गुन्हेगार कितीही सराईत असो, एक चूक करतोच. याने आपली आद्याक्षरं कोरून ठेवलीत. जी, एन, डी!"

"ते काळ्या वायरीचं काहीतरी असतं हो. व्हिडिओत सांगितलं होतं, काळी तिथे लावा म्हणून. म्हणून लावली."

"कशाचं काहीतरी?"

धाकट्याने त्या अक्षरांकडे पाहिलं. खरंच, कशाचं? त्याने रंग पाहून वायरी जोडल्या होत्या, अक्षरं वाचायची तसदी घेतली नव्हती. शाळेत मुलांनी नकाशातली नदी नुसती निळी म्हणून ओळखली, तर तो त्यांना बाकावर उभं करायचा.

तेवढ्यात सुगावा फुस्स फुस्स करत जिन्याकडे निघालाही होता. खाली पाट्या लावलेल्या होत्या. त्यांतल्या पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या पाटीवर त्याचं बोट थांबलं. "हा बघा. जी, एम, डी."

"एम आहे तो. आपल्याला एन हवा."

"एमचा एक पाय मोडला की एन होतो. घाईत होता बिचारा. आणि हेतूही स्पष्ट आहे. दिवसभर ते ड्रिल चालवणारा माणूस, त्याला खाली दुसरा आवाज कसा खपेल? धंद्यातली चुरस!"

दवाखान्यात पेशंट नव्हता. दंतवैद्य वर्तमानपत्र वाचत होता. सुगाव्याने दार लावून घेतलं आणि कडक आवाजात विचारलं, "गेल्या रविवारी सकाळी तुम्ही कुठे होता?"

"लोकांच्या तोंडात," दंतवैद्य म्हणाला.

"हात काय करत होते?"

"तेही तिथेच होते."

"याला पुरावा?"

"बसा, दाखवतो. आ करा."

सुगाव्याला कोणीही 'बसा' म्हटलं की तो बसायचा, ही त्याची जुनी सवय. खुर्ची मागे झुकली, दिवा तोंडावर आला. पुढची उलटतपासणी धाकट्याने दाराशी उभं राहून ऐकली.

"आ आ आऽ आ?"

"नाही, मी गाडीला हात लावला नाही," दंतवैद्य म्हणाला. या धंद्यात त्याला ही भाषा येत असावी. "गाडी कुठे असते तेही माहीत नाही. ही मागची दाढ मात्र गेलीय."

"आऽऽ आ आ!"

"कोणी नेली नाही हो, किडलीय. गोड कमी खा."

दोघं बाहेर पडले तेव्हा सुगावा गाल धरून होता. "तो निर्दोष आहे," त्याने जाहीर केलं. "दाढ दोषी आहे. पण ती वेगळी केस."

खाली आले तर गाडीपाशी धाकटी उभी होती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून अप्पा.

चहा व्हायच्या आधीच ते उतरले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. सगळ्या डिकीभर वायरी, पाने, गालिच्याचे तुकडे आणि सुगाव्याचं लांबचं भिंग पसरलेलं होतं. धाकट्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भूगोलाच्या मास्तराने हे म्हणावं हे त्यातल्या त्यात बरं.

"झालंय ना?" धाकटीने त्याला हळूच विचारलं.

"जवळजवळ," धाकटा म्हणाला. त्याच्या तोंडच्या 'जवळजवळ'चा अर्थ बायकोला चांगला माहीत होता. तिचा चेहरा पडला.

अप्पांनी हातानेच खूण केली: लावा. धाकट्याने टेप लावला. हळू आवाजात ड्रम सुरू झाले. अप्पांनी डिकीतल्या सबवूफरच्या खोक्यावर पंजा टेकवला, त्या दिवशी मशीनवर टेकवला होता तसा, आणि डोळे मिटले. "वाढवा," ते म्हणाले.

धाकट्याने बटण फिरवलं. धुम्. ठार. तांबडा दिवा.

अप्पांनी डोळे उघडले. आणखी एकदा खूण केली. धुम्. ठार. मग त्यांचा हात खोक्यावरून अँप्लिफायरवर गेला, तिथून एकेका वायरीवरून हळूहळू फिरला आणि काळ्या वायरीवरून थेट तिच्या टोकाच्या बोल्टपर्यंत पोचला. तिथून बोट एकदम मागे आलं. त्यांनी ते तोंडात घातलं. मग सरळ उभे राहिले. ऐकू येत नसल्यामुळे अप्पांचा आवाज कधी फार मोठा निघायचा तर कधी फार बारीक. आता बारीक निघाला.

"याला अर्थ नाही," ते म्हणाले.

धाकट्याने टेप बंद केला.

"अप्पा, असं नका हो म्हणू," धाकटी म्हणाली.

"अर्थच नाही," अप्पांनी मान हलवली. "मग कसं चालणार? जरा कुठे जोर केला, की बंदच पडणार. किती दिवस ओढणार असं?"

धाकटीने पदर शोधला, पंजाबी ड्रेसला पदर नसतो हे लक्षात आलं, आणि तिने ओढणी तोंडाला लावली. एवढा खटाटोप केला आणि म्हाताऱ्याला आयुष्यात काही अर्थ नाही हे आपण डिकी उघडून दाखवलं. मशीनवर हात ठेवून उभं राहू दिलं असतं तरी बरं होतं.

सुगाव्याने डोक्यावरची हॅट काढली. अप्पांसमोर येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"अप्पा," तो दाढ सांभाळत म्हणाला, "अर्थ असा आयता मिळत नसतो. तो ज्याचा त्याने शोधायचा असतो. मीही आयुष्यभर शोधतोय. मलाही अजून सापडलेला नाही. पण तो असतो, अप्पा! खोल कुठेतरी असतो!"

अप्पा त्याच्या ओठांकडे बघत होते. "काय म्हणतायत हे चष्मेवाले?" त्यांनी मुलीला विचारलं.

धाकटीने ओठ मोठे करत सांगितलं, "अर्थ... शोधायचा... असतो... म्हणतात!"

"शोधायचा काय त्यात?" अप्पा म्हणाले. "समोर तर आहे!"

"माझंच चुकलं, अप्पा," धाकटा न राहवून म्हणाला आणि छातीवर हात ठेवून पुन्हा सावकाश म्हणाला, "माझं... चुकलं!"

"मग! तुमचंच!" आता अप्पांचा आवाज एकदम मोठा निघाला. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. "तुम्हीच तर दिला नाहीत!"

"काय?"

"अर्थ! अर्थ हो! अर्थिंग! ही काळी वायर!" अप्पांनी बोट नाचवलं. "पत्र्याला टेकलीच नाहीये ती! बोल्ट बघा कसा तापलाय, चटका बसला मला! आयुष्य गेलं स्टेजवर, अर्थ नसला की अँप्लिफायर अस्सेच मरतात. पृथ्वी, मास्तर, पृथ्वी! मुलांना काय शिकवता?"

धाकटा बोल्टकडे बघत राहिला. जी, एन, डी. ग्राउंड. जमीन, धरणी, वसुंधरा. सगळे समानार्थी शब्द त्याला एकदम आठवले, आणि एकही वेळेवर आठवला नव्हता. तो गुडघ्यावर बसला, फडक्याने धरून बोल्ट सोडवला आणि वायरीच्या टोकाचं कडं उचललं.

कड्याखालून एक निळी रबरी चकती निघाली. बटणाएवढी, गोल.

"हे काय आहे?" धाकटीने विचारलं.

"ओरखडा येऊ नये म्हणून," धाकटा पुटपुटला. "व्हिडिओत तो माणूस इथे कानशीने रंग खरवडत होता. तेवढं मी पुढे ढकललं. तू म्हणाली होतीस ना... म्हणून मग खाली रबर घातलं. मऊ राहील म्हणून."

"पण रबर आणलं कुठून?"

धाकट्याने सुगाव्याच्या पायांकडे पाहिलं. बोलायची गरज नव्हती. सुगाव्याने ती चकती जवळच्या भिंगातून पाहिली, लांबच्या भिंगातून पाहिली, मग डावा पाय उचलून चप्पल उलटी केली आणि टाचेच्या भोकात चकती बसवून बघितली. ती बरोब्बर बसली. इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर कोणी पाहिला नव्हता.

"सुटली!" तो म्हणाला. "केस सुटली!"

"साडूभाऊ, मला वाटलं दाराशी पडलीय ती माझीच जुनी..."

"मला पहिल्यापासून संशय होता," सुगावा म्हणाला. "म्हणून तर मी त्या दंतवैद्याकडे गेलो." याचा अर्थ मात्र आजतागायत कोणाला लागलेला नाही.

आता उरला पत्रा. तिथे पांढराशुभ्र, चकचकीत, एकही ओरखडा नसलेला रंग होता. धाकट्याने कानस घेतली, पत्र्यावर टेकवली आणि बायकोकडे पाहिलं. हात पुढे जाईना.

धाकटीने त्याच्या हातातून कानस काढून घेतली. डिकीत वाकली आणि कर्रकर्र असा रंग खरवडायला लागली. गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती. तिच्यावर कावळा बसला तरी तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. खालचा पत्रा चांगला तळहाताएवढा उघडा पडला तरी ती थांबेना, तेव्हा अप्पांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे," ते म्हणाले. "ड्रम लावायचेत, गाडी नाही विरघळवायची."

कडं उघड्या पत्र्यावर बसलं. बोल्ट आवळला गेला. टेप लागला, धाकट्याने श्वास रोखून बटण फिरवलं. धुम्. धुम्. धुम् धुम् धुम्. दिवा हिरवा तो हिरवाच.

सगळे गाडीत बसले. धाकटी चालवायला, धाकटा तिच्या शेजारी, मागे अप्पा आणि टाचेत चकती खोचलेला सुगावा. फाटकाबाहेर पडताना वॉचमनने सलाम ठोकला. तो त्याने अप्पांना ठोकला होता, पण सुगाव्याने स्वीकारला.

अप्पा पाठ टेकून बसले होते. पहिल्या वळणापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. धाकटा आरशातून बघत होता आणि बघायला घाबरत होता. मग त्याला दिसलं, की अप्पांची उजवी तर्जनी मांडीवर हलतेय. मग दुसरं बोट. मग दोन्ही हात, आणि टाच. दोन सिग्नल गेले, मोठा रस्ता लागला. मग अप्पांच्या कपाळाला आठी पडली.

धाकट्याचा हात बटणाकडे गेला. पुन्हा काही बिघडलं की काय?

"हा वाजवणारा घाई करतोय," अप्पा म्हणाले. "सम कुठे आणि हा कुठे! सगळ्यांच्या पुढे पळतोय." त्यांनी नापसंतीने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. "पुढच्या रविवारी कोणीतरी बरा वाजवणारा लावा."

गाडी थोडी डळमळली. धाकटीने वेग कमी केला आणि ओढणीने नाक पुसलं. सुगावा पुढे झुकला आणि जवळचं भिंग डोळ्याला लावून त्याने आरशातला तिचा चेहरा निरखला.

"डोळे लाल, नाक ओलं, आवाज बसलेला," तो म्हणाला. "सर्दी झालीय."

या वेळी त्याला कोणी चूक म्हटलं नाही.